येसबाचं नाव

हिवरदरीत म्हाळसाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. जन्मभर मेंढरं हाकून तिचा गळा असा तयार झाला होता, की आपल्या अंगणात उभं राहून तिनं घातलेली शिवी नाल्यापलीकडच्या वावरात ज्याची त्याला बिनचूक पोचायची. तलाठी तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा. सरपंच तर वाटच बदलायचा. सासू होती तोवर सासूशी, नवरा होता तोवर नवऱ्याशी, आणि दोघंही गेल्यावर कोंबड्यांशी, पण बाईचं भांडण कधी खंडलं नाही. अशी ही बाई एका नावापायी दारोदार फिरली, आणि त्या नावानं तिच्यावर जी वेळ आणली ती वैऱ्यावरही येऊ नये.

माहेर तिचं शेंद्र्याकडचं. धनगराची लेक, धनगराच्या घरात दिली. लग्न झालं तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिला नीट लुगडं नेसता येत नव्हतं. नवरा सूर्यभान देवमाणूस. म्हणजे इतका गरीब की कळपातला बोकडसुद्धा त्याचं ऐकत नसे. पावसाळाभर गावात, उरलेलं वर्ष मेंढरं घेऊन गंगेच्या काठानं. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या हिंडण्यात म्हाळसाबाईची लेकरं जन्मली आणि त्याच हिंडण्यात गेलीही. एक तापानं, एक देवीनं, एक नुसतंच, सकाळी उठलंच नाही. शेवटचा त्रिंबक तेवढा जगला. त्याला तिनं तळहाताच्या फोडासारखा जपला.

वाळूजच्या रस्त्याला लागून त्यांचं एक वावर होतं. वावर कसलं, माती कमी आणि गोटे जास्त. पण त्या वावराच्या मधोमध, हिवराच्या झाडाखाली, येसबा होता. गुडघाभर उंचीचा अनघड दगड. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं त्याला नाकडोळे उरले नव्हते. घराण्याचा वीर तो. मूळ पुरुष. लांडग्यांच्या झुंडीशी एकटा भिडला, मेंढरं राखली आणि मेला, म्हणून वंश टिकला, असं सासूनं म्हाळसाबाईला सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं. घरात लगीन असो, बारसं असो, आधी येसबाला नारळ, मग बाकीचं.

धुळवडीला त्याचा मोठा मान. डफ वाजवत अख्खं घर वावरात जायचं. पण त्यात एक चाल होती. नैवेद्याचं पहिलं ताट घरातल्या कुणी खायचं नाही. ते दगडापुढं ठेवायचं आणि मागं न बघता निघून यायचं. मग महारवाड्यातून पारूबाई यायची आणि ते ताट घेऊन जायची. तिच्या आधी तिची सासू यायची. का? तर असतंय तसं. चालीरीतीला कुणी कारण विचारत असतं होय? पारूबाईच्या घरचे छप्पन सालानंतर बौद्ध झाले, घरातले देव त्यांनी नाल्यात सोडले. पारूबाईची सून साळूबाई सासूवर चिडायची, "आत्याबाई, आता कामून जाता त्यांच्या दगडाला?" म्हातारी ऐकायची नाही. काठी टेकत यायची, दगडापाशी बसून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची आणि ताट पदराखाली झाकून न्यायची.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्याला आग लागली. आता तुम्हीच सांगा, हिवरदरीचा आणि विद्यापीठाचा काय संबंध? गावातला सगळ्यात शिकलेला माणूस सातवी नापास! ज्यानं कॉलेजची पायरी पाहिली नाही, त्यानं कॉलेजच्या पाटीवरून दुसऱ्याचं घर पेटवायचं, याला काय म्हणावं? पण ते झालं. श्रावणाच्या तोंडाशी, दिवेलागणीच्या वेळी, तोंडाला फडकी बांधलेली काही पोरं रॉकेलचे डबे घेऊन वस्तीत शिरली. एक अख्खी ओळ जळाली. माणसं बाजरीत पळाली. प्रत्येकाला वाटलं, म्हातारी दुसऱ्याबरोबर आली असेल. पारूबाई कुणाबरोबरच आली नव्हती. ती सकाळी सापडली, चुलीच्या कोपऱ्यात, सापडली म्हणायची एवढीच.

त्रिंबक त्या संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या भुवया करपल्या होत्या. सदऱ्याला रॉकेलचा भपका. म्हाळसाबाईनं त्याच्याकडं बघितलं. जिनं कोंबडीला सोडलं नाही ती बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. सदरा काढून घेतला, राखेनं घासला, पुन्हा घासला, आणि वास जाईना तेव्हा चुलीत घातला. जमादार आल्यावर मात्र तिला कंठ फुटला. "माझं लेकरू मामाकडं हाय शेंद्र्याला, जा इचारा!" मामानंही तेच सांगितलं. आणि गावानं तर एकच पाठ केलेलं: आमच्या गावचं कुणी नव्हतं, भाईरून आल्ती माणसं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढं केस मिटली. साळूबाई पोरगं घेऊन शहरात निघून गेली. त्यानंतर धुळवडीचं पहिलं ताट उचलायला कुणी आलं नाही. कुत्री खायची.

काही वर्षं गेली. सूर्यभान खोकून खोकून मेला. जाताना म्हणाला, "काय बी कर, येसबाला उघडं पाडू नगं." त्रिंबकचं लग्न झालं, पण घरात पाळणा काही हलेना. सुनेला सगळे दवाखाने, सगळे अंगारे झाले. आणि अशात एक दिवस सरकारी माणसं साखळ्या घेऊन वावरात उतरली. एमआयडीसी येणार. वाळूजपासून पुढं सगळं शिवार कारखान्यांना. गाव नुसतं मावेजाच्या, जमिनीपोटी मिळणाऱ्या पैशाच्या, गोष्टी करायला लागलं. कुणी राजदूत फटफटी घेणार, कुणी स्लॅब टाकणार. त्रिंबक एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलाच होता, जमीन गेलेल्यांना परमनंट करतात म्हणून तोही खूश होता. म्हाळसाबाईला एकच घोर. येसबाचं काय?

भगत होता कचरू म्हणून. त्याच्याकडं ती गेली. कचरू पाण्यात बघायचा, पण माणूस सरळ होता, उगा कोंबडं मागायचा नाही. तो म्हणाला, "वीर उठवता येतो की. सोनाराकडून चांदीचा टाक घडवायचा, दगडापुढं ठिवायचा, आन घरच्या वडील माणसानं हाक मारायची. अमक्या अमक्या, हितली जागा सुटली, आता आमच्यासंग चल. मंग तो टाकात येऊन बसतो. टाक देव्हाऱ्यात ठिवला की झालं."

"मंग मारते की हाक. येसबा, चल म्हनते."

"येसबा हे काय नाव हाय व्हय?" कचरू म्हणाला. "लाडाचं झालं ते. माणसाला त्याच्या नावानं पुकारावं लागतं, आईबापानं ठिवलेल्या. नायतर तो तिथंच ऱ्हातो. वर मशीन फिरलं तर मंग घराण्यावर मशीन फिरलं म्हनून समज."

घरात वंशाला दिवा नाही, आणि भगत हे बोलतो.  म्हाळसाबाईनं गावातली म्हातारी खोडं गाठायला सुरुवात केली. येसबाचं नाव काय होतं? एक म्हणाला यशवंता. दुसरा म्हणाला, यशवंता नव्हं, येसाजी, शिवाजी महाराजांच्या फौजेतला. तिसऱ्यानं तर तो आपलाच पणजोबा होता आणि वावरात आपलाही हिस्सा निघतो, असं सुरू केलं. त्याला बाईनं असा झोडला तोंडानं, की तो आठवडाभर पारावर आला नाही. शेवटी कुणीतरी सुचवलं, अगं, बिडकीनला बानाबाई हाय की जिती. सूर्यभानची सख्खी आत्या. मुंजाबाची लेक. तिला इचार.

बिडकीनला बानाबाई ओसरीत बाजेवर पडून होती. डोळे गेलेले, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. दोघी एकमेकींना तोलत थोडा वेळ बसल्या. मग म्हाळसाबाईनं विषय काढला. लांडग्यांशी झुंजलेला आपला वीर, त्याचं नाव काय?

"लांडगा?" बानाबाई बोळक्या तोंडानं हसली. "कोनता लांडगा गं बाई? लांडगा-बिंडगा काय नाय. माझ्या बापानं मरताना मला सांगितलं. भावाला नाय सांगितलं, मला सांगितलं. तू घरची हायेस, आन आता वावर बी चाललं, म्हनून सांगते. मोठा दुकाळ पडला व्हता. लोकं झाडाची सालं खायची. आपली माणसं मेंढरं घिऊन गंगेच्या अंगानं खाली गेली. माझा बाप, मुंजाबा, तवा नुकता पाय फुटलेलं लेकरू. अंगात ताप. वाटंत मरंल म्हनून त्याला आजीजवळ ठिवलं. आजी पटकीनं मेली. गाव ओस. ऱ्हायला कोन? येसकर. येशीवर राखण करनारा म्हार. त्याला गाव सोडून जाता येत नाय, त्याचं कामच ते."

म्हाळसाबाईनं पदर सावरला. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण कुठंतरी पाल चुकचुकली होती.

"त्यानं उचललं लेकराला, आपल्या घरात नेलं. रानातला पाला, गवताचं बी, काय मिळंल ते खाऊ घातलं. त्याची एक लेक व्हती, माझ्या बापाच्याच वारगीची, तेवढ्याच वयाची. दोघांना पुरंना. तर म्हने त्यानं कधी डावं-उजवं केलं नाय. लेक गेली. आपल्या वाटनीचं बी तो घालीतच ऱ्हायला. मंग तो बी गेला. पाऊस पडल्यावर आपली माणसं माघारी आली तवा माझा बाप त्या येसकराच्या बायकोच्या मांडीवर व्हता. जिता."

"मंग... देव कामून केला त्याला?"

"येडी का खुळी तू? धनगराचं लेकरू म्हाराच्या ताटात जेवलं, हे जातीला कळलं तर वाळीतच टाकतील की! मंग माझ्या आज्यानं शक्कल केली. दगड बसवला, शेंदूर फासला, म्हनला हा आमचा वीर, लांडग्यासंग झुंजून मेला. देवाच्या हातचं खाल्लं तर काय विटाळ व्हतो का? आन त्याच्या बायकोला शब्द दिला. वरसाचं पहिलं ताट तुझ्या घरचं, आमचा वंश हाय तवर."

"नाव काय त्याचं?"

"येसकर."

"ते काम झालं, आत्याबाई. नाव?"

बानाबाईनं बाजेवर कूस बदलली. "येसकराचं नाव कोन घेतंय? ए येसकरा इकडं ये, ए येसकरा तिकडं जा. माझ्या बापाला बी ठाव नव्हतं. ज्याच्या हातचं खाऊन जगला त्याचं नाव ठाव नव्हतं त्याला. रडायचा म्हातारपनी." मग तिनं आंधळे डोळे म्हाळसाबाईकडं वळवले. "पर त्याच्या घरच्यांना असंल की ठाव. त्याची बायको तवा पोटुशी व्हती, त्या पोराची सून ती पारूबाई. हाय का अजून?"

"नाय," म्हाळसाबाई म्हणाली. "गेली."

"अगं माय! कशानं गं?"

"म्हातारी झाल्ती," म्हाळसाबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला बसायला जागा होती, पण ती उभी राहून आली. आधी तिला संताप आला. तीस-चाळीस वर्षं आपण कुणापुढं डोकं टेकलं? कुणाच्या नावानं लेकराच्या कपाळाला शेंदूर लावला? सासूला, सासूच्या सासूला, साऱ्या मेलेल्यांना तिनं मनातल्या मनात धू धू धुतलं. एवढी मोठी गोष्ट लपवता? आणि मग, वाटेत कधीतरी, तिला ती पोरगी आठवली. आठवली म्हणजे काय, तिनं पाहिली थोडीच होती. पण लेकरं पुरलेली बाई ती. उपाशी लेकरू रात्री कसं कण्हतं हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. त्या माणसानं आपली पोरगी तशी कण्हताना ऐकली आणि तरी धनगराच्या पोरासाठी घास बाजूला काढला. त्या घासातून मुंजाबा, मुंजाबातून सासरा, सासऱ्यातून सूर्यभान, आणि सूर्यभानातून त्रिंबक. आणि त्रिंबकनं काय केलं? म्हाळसाबाईला भर एसटीत उलटी आली. कंडक्टर ओरडला. ती त्याला उलटून बोललीसुद्धा नाही.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. टाक सोनाराकडून घडवून आणला, फडक्यात गुंडाळून कणगीत ठेवला. शिवारात मशीनं आली. एकेका वावरावरून फिरत ती जवळ जवळ येत होती. सून म्हणायची, "आत्याबाई, जेवा." ती ताटावरून उठायची. नाव सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं, साळूबाई. कचरू रोज विचारायचा, मिळालं का नाव? शेवटी एक दिवस तिनं चांगलं लुगडं नेसलं आणि शहराची गाडी धरली.

साळूबाई शहागंजात भाजी विकते, एवढंच तिला ठाऊक होतं. दुपार गेली शोधण्यात. मेथीच्या जुड्यांमागं बसलेल्या एका बाईनं मान वर केली, आणि दोघींनी एकमेकींना ओळखलं. साळूबाईचे केस पार पांढरे झाले होते. ती उठली नाही, बस म्हणाली नाही. म्हाळसाबाई तशीच उभी. मग साळूबाईनं शेजारणीला टोपली बघायला सांगितलं आणि म्हणाली, "घरी चल. हितं बाजारात नगं."

घर म्हणजे रेल्वे लायनीजवळची पत्र्याची खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पोराच्या कंपनीचा निळा ड्रेस खुंटीला. साळूबाईनं स्टो पेटवून चहा केला आणि कप पुढं ठेवला. म्हाळसाबाईचा हात कपापर्यंत गेला आणि थबकला. सवयच ती, जन्माची. साळूबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पी," ती म्हणाली. "तुमचा मुंजाबा आमच्याकडंच जेवलाय."

म्हाळसाबाई चहा प्यायली. जीभ पोळली, तरी एका दमात प्यायली. "तुला ठाव हाय, मंग?"

"सगळं ठाव हाय. आत्याबाई सांगायच्या. आमी म्हनायचो, कशाला उगाळता ते जुनं, ज्यांनी आपलं नाव गिळलं त्यांच्या दगडाला कशाला जाता? तर म्हनायच्या, दगड त्यांचा असंल, माणूस आपला हाय. नाव घ्यायला जायच्या त्या. ताटाची कुनाला पडल्ती? वरसातून एकदा त्याला त्याचं नाव ऐकू जावं, म्हनून."

म्हाळसाबाईला हुंदका आवरला नाही. दरवर्षी ती नैवेद्य ठेवून पाठ फिरवायची, आणि पाठीमागं म्हातारी पुटपुटायची. थोडी थांबली असती, मागं बघितलं असतं, तर! तिनं साळूबाईचे पाय धरले. खरंच धरले, दोन्ही हातांनी. वावर चाललं, मशीन येतंय, नावानं हाक मारली नाही तर तो तिथंच गाडला जाईल, सगळं सांगितलं. "माझ्या घरात लेकरू नाय, साळू. तो गेला तर आमचं नामोनिशान ऱ्हानार नाय. पाया पडते, नाव सांग."

साळूबाईनं पाय मागं घेतले.  बाहेर मालगाडी गेली, पत्रे थरथरले.

"सांगते," ती म्हणाली. "म्या कामून लपवू? पर तुला एक नाव पायजे, मला बी एक पायजे. त्या दिवशी फडकी बांधून आलेल्यांत एक व्हता, त्यानं आमच्या दाराला भाईरून कडी लावली. म्या बाजरीतून बघितलं. चाल वळखीची वाटली, तोंड दिसलं नाय. त्याचं नाव सांग."

 कडीचं म्हाळसाबाईला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं.

"मला कोर्टात जायचं नाय," साळूबाई म्हणाली. "केस कव्हाच मेली. पोराला बी सांगनार नाय, त्याचं भलं चाललंय. मला निस्तं ऐकायचंय. समदं गाव म्हनलं, कोन नव्हतं, कोनीच नव्हतं. म्हनजे घर आपसूक पेटलं का? कडी आपसूक लागली का? गावातल्या एकातरी माणसाच्या तोंडून मला ऐकायचंय. तुझ्या तोंडून. तू म्हन नाव, म्या म्हनते नाव. मंग जा, ने तुझ्या देवाला."

काय मागत होती ती? पैसा नाही, शिक्षा नाही. एक शब्द. आणि तो शब्द म्हाळसाबाईच्या जिभेवर होता. आईनंच ठेवलेलं नाव ते, पाळण्यात वाकून कानात सांगितलेलं. तिनं तोंड उघडलं. तिला त्रिंबक दिसला, करपलेल्या भुवयांचा. मग कारखान्याच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा असलेला. बाईचा काय भरवसा, आता म्हणते सांगणार नाही, उद्या पोराला सांगेल. परमनंट व्हायचाय तो. एकुलता एक आहे. आपली मांडी उघडली तर लाज आपलीच जाते. असलं सगळं एकदम डोक्यात गर्दी करून आलं, आणि त्या गर्दीत कुठंतरी ती उपाशी पोरगीही होती, पण मागं, लई मागं.

"आमच्या गावचं कुनी नव्हतं," म्हाळसाबाई म्हणाली. "भाईरून आल्ती माणसं."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं रिकामा कप उचलला.

"बरं," ती म्हणाली. "मंग तो येसकर बी भाईरचाच व्हता, बाई. त्याच्या नावाशी तुला काय करायचंय?"

मशीन हिवरापर्यंत पोचलं त्या दिवशी गाव बघायला जमलं होतं. कचरू भगत नारळ घेऊन आला. त्रिंबकनं सुट्टी टाकली होती, पायात कंपनीचे बूट, हातात पहार. म्हाळसाबाईनं टाक फडक्यातून काढून दगडापुढं ठेवला.

"मार हाक," कचरू म्हणाला. "नाव कळलं ना?"

ती पदरानं टाक पुसत राहिली.

"आई, नाव कळलं का नाय?" त्रिंबकनं विचारलं.

"कळलं असतं," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "पारूबाई दर धुळवडीला घ्यायची."

त्रिंबकच्या हातातली पहार तशीच राहिली. तो बुटाकडं बघायला लागला. "त्या दिवशी कडी कुनी लावली व्हती रं?" तिनं विचारलं, इतक्या हळू की शेजारच्या कचरूलासुद्धा ऐकू गेलं नाही. ज्या बाईची शिवी नाल्यापल्याड जायची, तिला एवढं हळू बोलता येतं हे त्रिंबकला ठाऊक नव्हतं. त्यानं पहार जमिनीवर टाकली आणि माणसांत जाऊन उभा राहिला, पार मागं.

मशीनवाला कुठलासा परमुलखातला पोरगा होता. त्याला उशीर होत होता. शेंदूर बघून तो थांबला, मशीन बंद केलं, चप्पल काढून खाली उतरला. देवाधर्माचं काही असलं तर नस्ती बला नको, म्हणून त्यानं विचारलं, "अम्मा, ये किसका है? उठा लेते क्या?"

सगळं गाव म्हाळसाबाईकडं बघत होतं. आमचा म्हणावं, तर कोण म्हणून सांगायचं? त्यांचा म्हणावं, तर त्यांचे का इथं नाहीत ते सांगावं लागेल. कचरू नारळ धरून उभा होता. तिनं वाकून टाक उचलला, कोरा, आणि कमरेला खोचला.

"कुनाचाच नाय," ती म्हणाली. "चालव."

पोरानं दगडाला हात लावून कपाळाला लावला, वर चढला आणि मशीन चालवलं.